एक फुगलेली फाइल, एक गंजलेला कनेक्टर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अपडेट थांबले. वाढीव मुदत मिळते, पण ती तात्पुरती. विंडोज ११ घालायचं तर अटी ठरलेल्या आहेत: टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. गोव्यातल्या शाळांत, पंचायतींत आणि पतसंस्थांत या अटींत न बसणारी, पण रोज नीट चालणारी यंत्रं अजून आहेत. त्यांचं काय करायचं हा विषय पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत निघाला की पाच मिनिटांत त्याचा रंग बदलतो. एक जण म्हणतो, विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली घाला, फुकट आहे, विषय संपला. दुसरा म्हणतो, पोरांना उद्या नोकरीत विंडोजच लागणार. मग फुटबॉलमध्ये धेंपो मोठा की साळगावकर या थाटात जुंपते आणि खोलीतली वीस यंत्रं तशीच राहतात.

या भांडणात अंतराळ हमखास येतं. लिनक्सवाले सांगतात की आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचे लॅपटॉप २०१३ मध्ये विंडोज एक्सपीवरून डेबियन या लिनक्सवर नेले, त्याआधी २००८ मध्ये तिथल्या लॅपटॉपवर ऑनलाइन खेळांचे पासवर्ड चोरणारा व्हायरस सापडला होता, आणि मंगळावर ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टर उडालं ते लिनक्सवर. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. समोरचा म्हणतो, तुमचं हेलिकॉप्टर प्रयोगापुरतं होतं. शेजारचा अख्खा रोव्हर व्हीएक्सवर्क्सवर चालतो, ती पैसे मोजून घ्यायची प्रणाली आहे. हेही खरं. प्रयोग पाच उड्डाणांचा ठरला होता आणि झाली बहात्तर, एवढी भर मात्र घालायला हवी.

दोन्ही बाजू यशाच्या याद्या वाचतात. अपयशाचे अहवाल वाचले तर बहुतेक वेळा आरोपीच्या पिंजऱ्यात तिसराच कोणीतरी असतो.

सुरुवात अंतराळाबाहेरच्या एका उदाहरणाने करू, कारण विंडोजला नावं ठेवायला तेच सर्वांत जास्त वापरलं गेलं. सप्टेंबर १९९७ मध्ये ‘यॉर्कटाउन’ ही अमेरिकी युद्धनौका व्हर्जिनियाजवळ समुद्रात पावणेतीन तास निश्चल पडली. नौकेवर विंडोज एनटीची यंत्रं होती. एका कर्मचाऱ्याने डेटाबेसच्या रकान्यात शून्य भरलं, प्रोग्रामने त्या शून्याने भागाकार केला, तिथून बिघाड नेटवर्कभर पसरला आणि इंजिनांचा ताबा सुटला. ‘युनिक्स (लिनक्सच्या घराण्यातली जुनी प्रणाली) असतं तर’ असं तेव्हापासून म्हटलं जातं. पण रकान्यात शून्य घेऊ नये ही तपासणी प्रोग्राम लिहिणाऱ्याने करायची असते, आणि एका रकान्यातल्या चुकीने इंजिन थांबू नये ही काळजी जोडणी आखणाऱ्याने. ही दोन्ही कामं युनिक्स कोणाच्या वतीने करून देत नाही.

आता उलट बाजू. मे २०१५ मध्ये ‘लाइटसेल’ हा पावाच्या लादीएवढा छोटा उपग्रह कक्षेत गेला. आत लिनक्स. तो दर काही सेकंदांनी आपल्या प्रकृतीची माहिती जमिनीकडे पाठवायचा आणि तीच माहिती बीकन नावाच्या एका सीएसव्ही फाइलमध्ये लिहायचा. फाइल वाढत गेली, ३२ एमबीच्या पुढे गेली आणि दोन दिवसांत यान गोठलं. संगणकाचा बोर्ड बनवणाऱ्यांनी हा दोष पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केला होता. या उपग्रहावर ती आवृत्ती घातलेली नव्हती. जमिनीवरून रीबूटच्या आज्ञा पाठवल्या, पण गोठलेलं यंत्र आज्ञा ऐकणार कसं? मग उरली एकच आशा: अंतराळातला एखादा विद्युतभारित कण चिपवर आदळावा आणि यंत्र आपोआप रीस्टार्ट व्हावं. आठेक दिवसांनी तसं झालंही. आपल्याकडे राउटर अडकला की ‘लाइट जाऊन आली की चालू होईल’ म्हणून बसतात, तोच प्रकार, फक्त पृथ्वीपासून काहीशे किलोमीटर वर.

भरलेली डिस्क हा शाळेतलाही सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित रोग. लिनक्सवर बूटचं वेगळं, अर्ध्या जीबीचं विभाजन केलेलं असलं की जुने कर्नल (प्रणालीचा गाभा) साठत जातात आणि एके दिवशी अपडेट अर्ध्यावर थांबतं. विंडोजवर १२० जीबीचा एसएसडी अपडेटच्या उरलेल्या फाइली आणि पाच वर्गांच्या मुलांची वेगवेगळी प्रोफाइल यांनी भरतो. जागा १० टक्क्यांखाली गेली की यंत्र रांगायला लागतं आणि दोष ‘जुन्या मशीन’वर जातो. लॉगच्या, म्हणजे यंत्राच्या नोंदींच्या, फाइलींना २०० एमबीची मर्यादा घालणं ही एका ओळीची सेटिंग आहे. मुलांसाठी एकच सामायिक खातं ठेवून ते लॉगआउटला पुसलं जाईल असं करता येतं. दोन्ही प्रणालींत करता येतं, आणि दोन्हींत कोणी करत नाही.

मंगळाकडे जाऊ, कारण तिथली दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

४ जुलै १९९७ ला ‘पाथफाइंडर’ उतरलं. काही दिवसांत त्याचा संगणक मधूनच आपोआप रीसेट होऊ लागला. प्रत्येक रीसेटला त्या दिवसाचं उरलेलं काम बुडायचं. यानात व्हीएक्सवर्क्स होती. तीत प्रत्येक कामाला प्राधान्यक्रम असतो आणि वरच्या क्रमाचं काम आलं की खालच्याने बाजूला व्हायचं असतं. घोटाळा कसा झाला, ते रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या धक्क्यावर नीट समजेल. रुग्णवाहिका फेरीत चढायला उभी आहे. तिला सर्वांत पहिला मान. पण उताराच्या तोंडावर नुकतीच फेरीतून उतरलेली एक स्कूटर अडकली आहे. स्कूटर हलेपर्यंत रुग्णवाहिका पुढे जाऊ शकत नाही. आणि स्कूटरला हलता येत नाही, कारण समोरच्या रस्त्यावर बसगाड्यांची रांग आहे आणि बसचा मान स्कूटरपेक्षा मोठा. म्हणजे प्रत्यक्षात बसगाड्यांनी रुग्णवाहिका अडवली, नियम एकानेही मोडला नाही. पाथफाइंडरवर स्कूटर म्हणजे हवामानाची नोंद घेणारं हलकं काम होतं, रुग्णवाहिका म्हणजे यानाच्या आतल्या माहितीवाहिनीवर डेटा वाटणारं काम, आणि बसगाड्या म्हणजे मधल्या क्रमाची, बराच वेळ खाणारी कामं. डेटा वाटणारं काम वेळेत झालं नाही हे दुसऱ्या एका कामाच्या लक्षात यायचं आणि ते अख्खी प्रणाली रीसेट करायचं. गोव्यात गावाच्या शिवेवर राखणदार असतो तसा हा संगणकातला राखणदार. त्याचं काही चुकलं नव्हतं.

उपाय प्रणालीतच होता: रुग्णवाहिका खोळंबली आहे तेवढ्यापुरता तिचा सायरन स्कूटरला द्यायचा, म्हणजे बसगाड्या थांबतात, स्कूटर निघते, सायरन परत जातो. ही सोय चालू-बंद करायचं बटण होतं आणि ते मुळात बंद ठेवलेलं होतं. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असे एक-दोन रीसेट दिसले होते. पुन्हा घडवून आणता आले नाहीत, म्हणून मागे पडले. मंगळावर असताना ते शोधता आले, कारण चाचणीसाठी घातलेली नोंद ठेवण्याची साधनं उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमधून काढून टाकलेली नव्हती. प्रयोगशाळेतल्या जुळ्या यंत्रावर तोच प्रसंग उभा केला, बटण चालू करून पाहिलं आणि मग तेवढाच बदल वर पाठवला.

दुसरं प्रकरण जानेवारी २००४ चं, ‘स्पिरिट’ रोव्हरचं. प्रणाली तीच, व्हीएक्सवर्क्स. उतरल्यानंतर अठराव्या मंगळ-दिवशी संपर्क विस्कटला. रोव्हर साठहून अधिक वेळा रीबूट झाला आणि रात्री झोपायचं विसरून बॅटरी संपवू लागला. कारण फ्लॅश मेमरीतल्या फाइलींची संख्या. प्रवासात जमलेल्या फाइलींसकट सगळी सूची रॅममध्ये धरायची अशी रचना होती, पुसलेल्या फाइलींच्या जागाही सूचीत राहायच्या. सूची रॅमच्या वाट्याबाहेर गेली की रीसेट. रीबूट झाल्यावर पहिलं काम पुन्हा तीच सूची उघडण्याचं, की पुन्हा रीसेट. सुटका झाली ती एका आज्ञेमुळे: फ्लॅशला हात न लावता, लंगडत का होईना, उठ. या आज्ञेची सोय सॉफ्टवेअरमध्ये अगोदरच करून ठेवलेली होती. त्यानंतर फाइली काढल्या, मेमरी फॉरमॅट केली, आणि ९० दिवसांसाठी पाठवलेला रोव्हर २०१० पर्यंत बोलत राहिला.

म्हणजे एकाच कंपनीची, नावाजलेली, पैसे मोजून घेतलेली प्रणाली दोन यानांवर दोन तऱ्हांनी अडकली आणि दोन्ही वेळा सोडवता आली. अडकण्याचं खापर तिच्यावर पूर्ण फुटत नाही, सुटण्याचं श्रेयही तिला पूर्ण जात नाही. माझं म्हणणं इथे येऊन टेकतं. सार्वजनिक पैशाने संगणक घेताना विचारायचा पहिला प्रश्न हा, की हे अडकलं तर लंगडत उठण्याची वाट कोणती, ती कोणाला ठाऊक आहे आणि तिला किती वेळ लागतो. प्रणालीचं नाव या प्रश्नाच्या उत्तरातून निघावं. आज उलटं होतं: नाव आधी ठरतं आणि हा प्रश्न निविदेत येतच नाही.

आता गोव्याला सर्वांत जवळचं प्रकरण. जून २००७ मध्ये अवकाश स्थानकाच्या रशियन भागातले मुख्य संगणक एकापाठोपाठ एक बंद पडले. प्रत्येक कामासाठी तीन-तीन यंत्रं होती, म्हणजे एक गेलं तरी दोन उरावीत. तिन्ही गेली. त्याच सुमारास अमेरिकी शटलने नवे सौर पंख बसवले होते, त्यामुळे संशय लगेच त्यांच्या विजेवर गेला; आपलं सोडून दुसऱ्याच्या यंत्राकडे बोट दाखवण्याची खोड सर्वत्र सारखीच. फ्योदोर युरचिखिन आणि ओलेग कोतोव या अंतराळवीरांनी वीजपुरवठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या एका पेटीला वायरींनी वळसा घातला आणि यंत्रं उठली. नंतर ती पेटी उघडली तेव्हा कनेक्टरच्या पिनांवर ओल आणि गंज. तिथल्या हवेतलं पाणी थंड भागावर साचून आत उतरलं होतं. गंजलेल्या पिनांतून शॉर्ट झाला आणि ‘बंद हो’ हा संदेश देणारी वाहिनी जागी झाली. ती वाहिनी तिन्ही यंत्रांना एकच होती.

तीन संगणक, वाहिनी एक. गोव्यात हे वेगळं समजावण्याची गरज नाही. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हवेत मीठ, मे महिन्याची सुटी संपेपर्यंत बंद राहिलेली खोली, आणि वीस यंत्रांच्या मागे एक यूपीएस, एक स्विच, एक अर्थिंग. पहिल्या पावसात पाच यंत्रं उठत नाहीत. तीन बीप येतात किंवा काहीच येत नाही. हे ‘विंडोज उडालं’ नसतं आणि ‘लिनक्सला ड्रायव्हर मिळेना’ही नसतं, रॅमच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर पातळ थर चढलेला असतो. यंत्राची वायर काढायची, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेला प्रवाह घालवायचा, पट्टी काढायची, टोकं पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच घासायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या सुती कापडाने पुसायची, खाच कोरड्या ब्रशने झाडायची, पट्टी ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवायची. खोडरबराचा चुरा खाचेत पडू द्यायचा नाही, नाहीतर एक दोष जाऊन दुसरा येतो. डब्लू-डी ४० मारू नये. तेलकट थर धूळ धरतो. घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, बेगमी होते तेव्हाच, मेअखेर, खोलीचीही व्हावी: आठवड्यातून दोनदा तासभर सगळी यंत्रं चालू ठेवली तरी आतल्या उबेने ओल टिकत नाही. वादळाच्या दिवसांत प्लग काढताना नेटवर्कची केबलही काढायची, कारण बाहेरून आलेली तांब्याची तार हीसुद्धा विजेची वाट आहे.

सामायिक वाहिनी लोखंडाचीच असते असं नाही. ४ जून १९९६ ला ‘एरियान ५’ हे युरोपी रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ४० सेकंदांत फुटलं. दिशा मोजणारे दोन संगणक होते, एक मुख्य आणि एक राखीव. दोघांत सॉफ्टवेअर एकच, ‘एरियान ४’ वरून जसंच्या तसं उचललेलं. नवं रॉकेट आडवा वेग जास्त घेत होतं. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबताना मावली नाही आणि राखीव संगणक मुख्यच्या क्षणभर आधीच गेला. ज्या गणिताने हे घडवलं, त्याचा उड्डाणानंतर काही उपयोगही नव्हता. १९ जुलै २०२४ ला जगभर जवळपास ८५ लाख विंडोज यंत्रं निळा पडदा दाखवून बंद पडली, हैदराबादला हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, तेही याच जातीचं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरला आलेल्या एका फाइलमध्ये २१ वा रकाना वाचायला सांगितला होता आणि कोड पुरवत होता २०. तेव्हा लिनक्सवाल्यांनी पेढे वाटले. वास्तविक त्याच वर्षी त्याच सॉफ्टवेअरने काही लिनक्स सर्व्हरही पाडले होते, फक्त त्यांच्यावर विमानांची रांग उभी नव्हती. दुरुस्तीची कृती सोपी होती: सेफ मोडमध्ये जाऊन २९१ आकड्याची ती फाइल पुसायची. पण डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी किल्ली हवी, आणि बऱ्याच ठिकाणी ती किल्ली ज्या सर्व्हरवर जपून ठेवली होती तोही निळाच होता.

याला उत्तर म्हणून शटलचं उदाहरण द्यावंसं वाटतं. शटलमध्ये पाच सारखे संगणक होते. चार जण एकच सॉफ्टवेअर चालवायचे, पाचव्यात वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर, चौघांत एकच चूक असेल तर उपयोगी पडावं म्हणून. फुकट मिळालं नाही ते. एप्रिल १९८१ मध्ये पहिलं उड्डाण दोन दिवस लांबलं ते हे दोन गट वेळेच्या बारीक फरकामुळे एकमेकांशी जुळेनात म्हणून. वेगळेपणाची किंमत असते, पण ती जमिनीवर मोजता येते.

भारतातलं प्रकरण हवं तर ७ ऑगस्ट २०२२ चं, इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोरदार कंप आला, प्रवेगमापकांची वाचनं मर्यादेला टेकली, आणि सेन्सर बिघडला की नाही हे ठरवणाऱ्या तर्काने निकाल दिला की ते बिघडले. सेन्सर धडधाकट होते. यान पर्यायी पद्धतीवर गेलं आणि ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या लंबवर्तुळात उपग्रह सोडले. ७६ किलोमीटरवर हवा पकडतेच. इस्रोने कारण जाहीर केलं, तर्क बदलला आणि १० फेब्रुवारी २०२३ चं पुढचं उड्डाण यशस्वी झालं. चांद्रयान-२ नंतरही असंच: उतरण्याची जागा ५०० बाय ५०० मीटरवरून ४ बाय अडीच किलोमीटर केली, आणि काय काय चुकू शकतं याची यादी धरून चांद्रयान-३ ची आखणी केली. या सगळ्या चर्चेत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम होती हे विचारल्याचं ऐकिवात नाही.

घड्याळाबद्दल थोडक्यात. ‘डीप इम्पॅक्ट’ यान १ जानेवारी २००० पासून सेकंदाचे दहावे भाग ३२ बिटांत मोजत होतं. ११ ऑगस्ट २०१३ ला मोजणी भरली, संगणक रीबूटच्या फेऱ्यात अडकला, यान गेलं. जुन्या ३२ बिटांच्या लिनक्स-युनिक्स प्रणालींची तशीच तारीख १९ जानेवारी २०३८ आहे, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. जुना ३२ बिटी लिनक्स ‘हलका आहे’ म्हणून घालणाऱ्यांनी ती लिहून ठेवावी. शाळेतला घड्याळरोग यापेक्षा स्वस्त असतो. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपते, यंत्र २०१५ सालात जागं होतं, प्रत्येक संकेतस्थळाचं प्रमाणपत्र ‘अजून सुरू झालेलं नाही’ ठरतं, आणि इंटरनेट बंद असल्याची तक्रार जाते. पन्नास रुपयांच्या आतलं काम.

मग वीस यंत्रांचं काय? मी पक्ष टाळत नाही. ४ जीबी रॅमची, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची यंत्रं मुलांच्या वापरासाठी असतील तर त्यांत २४० जीबीचा एसएसडी घालावा आणि एक्सएफसीई या हलक्या मांडणीचं लिनक्स मिंट बसवावं. सुरक्षा-अपडेट मिळत राहतात आणि यंत्र भंगारात जात नाही. कार्यालयातलं एक-दोन यंत्र मात्र नवं, विंडोज ११ चं असावं, कारण पंचायतीत पेमेंटसाठी लागणारा डिजिटल सहीचा टोकन, हजेरीचं बोटाचं यंत्र आणि जुना प्रिंटर यांचे ड्रायव्हर बहुतेकदा विंडोजपुरतेच नीट चालतात. ही तीन उपकरणं लावून बघितल्याशिवाय कार्यालय बदलायचं नाही. एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली बसवण्याचा ‘समन्वय’ नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अशी कितीतरी यंत्रं लिनक्सकडून उठेनाशी झाली होती. खोलीत दोन प्रकार असावेत, एका यंत्रात नकोत.

यावर आक्षेप येईल की शिक्षकांना सवय नाही. तो खरा आक्षेप आहे, आणि निष्ठेची खरी किंमत इथेच कळते. म्हापशात किंवा मडगावात दुरुस्तीच्या दुकानात बसलेल्या माणसाला विंडोज ठाऊक असतं. फार्मागुडीच्या किंवा झुआरीनगरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना लिनक्स. सांगे-काणकोणच्या शाळेला फोन कोणाला लावता येतो, यावर निवड अवलंबून असणं अगदी योग्य आहे. केरळने शाळांत मुक्त प्रणाली टिकवली ती परवान्याचे पैसे वाचले एवढ्यावर नव्हे. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि पाठ्यपुस्तकं त्याच प्रणालीवर बेतली म्हणून. ते न करता नुसतं लिनक्स घालून दिलं तर सहा महिन्यांत कोणीतरी चोरटं विंडोज बसवतोच.

मराठी लिहिणाऱ्यांची एक वेगळी सामायिक वाहिनी आहे, तिच्याकडे दोन्ही पक्षांचं लक्ष नसतं: जुने, युनिकोड नसलेले फाँट. त्यांतल्या फाइलींत अक्षरं रोमनच असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा घालतो. फाँट नसलेल्या यंत्रावर ठराव, दाखले, स्मरणिका उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो, मग प्रणाली कोणतीही असो. परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणताना रफार आणि ‘ऱ्या’ हमखास तुटतात, म्हणून हाताने वाचून घेणं आलंच. हे काम प्रणाली बदलण्याच्या आधी करायचं. उलट क्रमाने केलं की दोष नव्या प्रणालीच्या माथी बसतो.

आणि लंगडत उठण्याची वाट. एक यंत्र हवं तसं मांडून घ्यायचं, क्लोनझिला या प्रोग्रामने त्याच्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्यायची, ती दोन बाहेरच्या डिस्कवर ठेवायची, एक शाळेत आणि एक शाळेबाहेर. बिटलॉकर असेल तर किल्ली कागदावर छापून मुख्याध्यापकांच्या कपाटात. बूट होणारे दोन पेनड्राइव्ह, त्यांवर तारीख. कोणती कळ दाबल्यावर बूटची यादी येते, एफ९, एफ११ की एफ१२, हे प्रत्येक यंत्राच्या पाठीवर चिकटवलेलं. एवढं असलं की बिघडलेलं यंत्र अर्ध्या-पाऊण तासात उभं राहतं आणि ते आठवीतली मुलंही करू शकतात. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कोडिंग-रोबोटिक्सची ‘केअर्स’ योजना गोव्यात २०२१ पासून आहे. तिच्या तासांत दिवा लुकलुकवण्यासोबत एखादी डिस्क मुद्दाम भरून टाकायला आणि मग ते यंत्र उठवायला दिलं, तर लाइटसेलचं प्रकरण वेगळं शिकवावं लागणार नाही.

‘व्हॉयेजर १’ यानावर तर निष्ठा ठेवायला आजच्या अर्थाने ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा नाही. नोव्हेंबर २०२३ पासून ते निरर्थक आकडे पाठवत होतं. एक मेमरी चिप गेली होती, तिच्यात त्या संगणकाच्या मेमरीचा ३ टक्के भाग. तिथला कोड दुसरीकडे सलग मावेना, म्हणून तुकडे करून मिळेल त्या जागी बसवला, तुकड्यांचे एकमेकांना दिलेले पत्ते बदलले, आणि एप्रिल २०२४ मध्ये आज्ञा पाठवली. २४ अब्ज किलोमीटर, जायला साडेबावीस तास, यायला तितकेच. ४६ वर्षं जुन्या यंत्रातला प्रत्येक शब्द कुठे आहे हे सांगणारे कागद कोणीतरी जपले होते.

निविदेत म्हणून एक अट वाढवावी. पुरवठादाराने यंत्रं बसवल्यावर वीसपैकी एक चिठ्ठी टाकून निवडायचं, त्याची डिस्क काढून कोरी डिस्क घालायची आणि शाळेतल्याच शिक्षकाने, पुरवठादाराच्या माणसाची मदत न घेता, ते पुन्हा चालू करायचं. वेळ मोजायची. तासाच्या वर गेली तर शेवटचा हप्ता थांबवायचा. हीच चाचणी दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाच्या आधी, आणि एकदा गणेश चवथीच्या सुटीनंतर, खोली आठवडाभर बंद राहिल्यावर.